चित्राचा धनी कोण ?

जुन्या मराठी पुस्तकाचें पहिलें पान उलटलें म्हणजे त्याच्या पाठीवर १८६७ च्या पंचविसाव्या ॲक्टाचा हवाला देऊन सर्व हक्क ग्रंथकर्त्यानें आपणाकडे राखून ठेवल्याची एक ओळ पुष्कळदां आढळते. ती ओळ मन लावून वाचणारा वाचक आमच्या पाहण्यांत नाहीं. पुस्तक विकत घेतलें, तें आपलें झालें. त्यांतील चित्र आवडलें, तें कापून चौकटींत बसविलें. यांत कोणाच्या हक्काचा प्रश्न येतो असें आपल्या मध्यमवर्गीय घरांत सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ज्या ओळीकडे आपण पिढ्यान्‌पिढ्या कानाडोळा केला, तिचा अर्थ काय, यावर आज जगांतील सर्वांत मोठ्या ज्ञानकोशांत रोज वाद चालतात; आणि त्या वादांच्या निकालावर आपल्या वाडवडिलांचे चेहरे पुढच्या पिढीस दिसणार कीं नाहीं, हें बऱ्याच अंशीं अवलंबून आहे. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विकिपीडिया हा तो ज्ञानकोश होय. ता. १५ जानेवारी २००१ रोजीं तो इंग्रजींत सुरू झाला, आणि ता. १ मे २००३ रोजीं त्याची मराठी आवृत्ति निघाली. डॉ. केतकरांच्या तेवीस विभागांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाला लेखक अनेक असले तरी अखेरचा शब्द संपादकाचा असे. येथें तसा संपादक कोणीच नाहीं. जो वाचक तोच लेखक, आणि जो लेखक तोच दुसऱ्याच्या लिखाणाचा तपासनीस, असा हा कारभार आहे. चित्रांकरितां या मंडळींनीं २००४ च्या सप्टेंबरांत 'विकिमीडिया कॉमन्स' नांवाचें एक स्वतंत्र भांडार उघडलें. त्यांतील चित्र कोणत्याही भाषेच्या आवृत्तींत वापरतां येतें. या ज्ञानकोशांतील माहिती कितपत विश्वसनीय, याची चर्चा पुष्कळ झाली आहे, ती आम्ही पुन्हां करीत नाहीं. माणसाची खरी पारख भांडणाच्या वेळीं होते, तशीच संस्थेचीही होते. ही संस्था आपल्या घरांतील भांडणें कशीं सोडविते, इतकेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

मजकुराच्या तंट्यांपुरतें बोलावयाचें तर तिची रीत आम्हांस एकंदरींत स्तुत्य वाटते. प्रत्येक लेखामागें एक 'चर्चा पान' असतें आणि एक 'इतिहास' असतो. एकानें लिहिलेलें दुसऱ्यानें पुसलें, पहिल्यानें पुन्हां लिहिलें, अशी ओढाताण सुरू झाली म्हणजे इंग्रजी आवृत्तींत नियम असा आहे कीं, एका लेखांत चोवीस तासांत तीन वेळांहून अधिक कोणीं दुसऱ्याचें लिखाण उलटवूं नये. उलटविल्यास त्याची लिहिण्याची मुभा कांहीं काळ काढून घेतली जाते. वादाचा निकाल डोकीं मोजून नव्हे तर आधार व युक्तिवाद तोलून लावावा, असें तत्त्व आहे. बाल्टिक समुद्रावरील एका बंदरास पोलिश लोक ग्दान्स्क म्हणतात व जर्मन लोक डान्झिग म्हणतात. यांतील कोणतें नांव वापरावें यावर इतका कलह माजला कीं, २००५ सालीं तत्त्वाला मुरड घालून मतेंच घ्यावीं लागलीं, आणि १३०८ पासून १९४५ पर्यंतच्या काळासाठीं डान्झिग व इतर काळासाठीं ग्दान्स्क अशी वांटणी झाली. दह्यासारख्या निरुपद्रवी पदार्थाच्या इंग्रजी नांवांत एक 'एच्' असावा कीं नसावा, हा वाद तर कित्येक वर्षें चालून २०११ सालीं मिटला. हें वाचून हसूं येईल. पण आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घावरून आणि अनुस्वारावरून झालेलीं रणें ज्यांना ठाऊक आहेत ते फार मोठ्यानें हसणार नाहींत.

या वादांत एक गोष्ट मात्र मनांत ठेवण्यासारखी आहे. हरलेल्या पक्षाचे शब्द बहुधा नाहींसे होत नाहींत. लेखाच्या इतिहासांत ते तारीखवार राहतात. उद्यां कोणी नवा आधार आणला तर तेथून ते उचलून पुन्हां लेखांत आणतां येतात. पराभूताच्या कैफियतीचे कागद इतके जपून ठेवणारें न्यायालय दुर्मिळच म्हटलें पाहिजे.

चित्रांची गोष्ट याहून अगदीं निराळी आहे. वाक्य आक्षेपार्ह असेल तर दुसऱ्या शब्दांत मांडतां येतें. चेहरा दुसऱ्या शब्दांत मांडतां येत नाहीं. मजकुराविषयीं प्रश्न असतो तो खरें काय, हा. चित्राविषयीं पहिला प्रश्न असतो तो हें कोणाचें, हा. चित्र अस्सल आहे, दुर्मिळ आहे, लेखास अत्यंत उपयुक्त आहे, असें कितीही सिद्ध केलें तरी तें देण्याचा हक्क देणाऱ्यास होता, हें सिद्ध न झाल्यास तें काढलें जातें. परवान्याचा दाखला नसलेल्या चित्रावर तशी खूण चढते, आणि साधारण सात दिवसांत दाखला न आल्यास चित्र जातें. काढलेलें चित्र फक्त प्रचालकांना, म्हणजे या कारभाराच्या राखणदारांना, दिसूं शकतें. सामान्य वाचकाच्या दृष्टीनें तें नष्टच होतें. शंका असेल तर चित्र ठेवावयाचें नाहीं, असा या भांडाराचा कटाक्ष आहे.

त्याचा दुसरा नियम तर प्रथमदर्शनीं अधिकच कठोर वाटतो. 'केवळ शैक्षणिक कार्यासाठीं वापरावें', अशी अट घालून दिलेलें चित्र तेथें घेत नाहींत. जो देईल त्यानें तें कोणासही, व्यापारासाठींसुद्धां, वापरूं दिलें पाहिजे. फार तर निर्मात्याचें नांव द्यावें, आणि त्यावरून केलेली नवी कृति त्याच अटींवर खुली ठेवावी, इतकेंच बंधन त्यास घालतां येतें. सद्भावनेनें आलेल्या माणसाचें दान असें परत करणें आम्हांस आरंभीं उद्धटपणाचें वाटलें. पण विचाराअंतीं त्यांतील हेतु पटला. हा ज्ञानकोश केवळ वाचण्यासाठीं नाहीं, घेऊन पुन्हां छापण्यासाठींही आहे. खेड्यांतील एखाद्या छापखान्यानें त्यांतील लेख घेऊन दहा रुपयांची पुस्तिका काढली तर ती विक्रीच झाली. त्या वेळीं प्रत्येक चित्राखालीं निराळी अट निघूं लागली तर ज्ञान खुलें केलें या म्हणण्यास अर्थ उरणार नाहीं. २००७ च्या मार्चमधील ठरावानें प्रत्येक आवृत्तीस आपल्यापुरता मर्यादित अपवाद करण्याची मोकळीक दिली, आणि इंग्रजी आवृत्ति दिवंगत व्यक्तींचीं बंधनांतील चित्रें लहान आकारांत, कारण नमूद करून, वापरते. जिवंत माणसाच्या बाबतींत मात्र ही सवलत सहसा मिळत नाहीं. कारण त्याचें नवें छायाचित्र कोणीही घेऊं शकतो.

या सर्व नियमांच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे: वस्तूचा मालक तो चित्राचा धनी नव्हे. हें तत्त्व या संस्थेनें बलिष्ठांपुढें कसें चालविलें, याचीं कांहीं उदाहरणें पाहण्याजोगीं आहेत.

पहिलें उदाहरण गमतीचें आहे. इंडोनेशियांतील सुलावेसी बेटावर एका ब्रिटिश छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यानें माकडानें स्वतःचीं छायाचित्रें घेतलीं. तीं २०११ सालीं प्रसिद्ध झालीं आणि लवकरच कॉमन्समध्यें गेलीं. छायाचित्रकारानें तीं काढून टाकण्यास सांगितलें. संस्थेचें उत्तर असें कीं, कळ माकडानें दाबली, आणि माकडास स्वामित्वहक्क नसतो. म्हणून हीं चित्रें कोणाचींच नाहींत, अर्थात् सर्वांचीं आहेत. अमेरिकेच्या कॉपीराईट कचेरीनें २०१४ सालीं माकडानें घेतलेलें छायाचित्र नोंदणीस अपात्र ठरविलें. पुढें प्राणिमित्रांच्या एका संस्थेनें माकडाच्याच वतीनें दावा लावला. तोही २०१८ च्या एप्रिलमध्यें अपील कोर्टांत टिकला नाहीं. आमच्या मतें येथें न्याय झाला, पण गोडवा राहिला नाहीं. जंगलांत हिंडून, माकडांचा विश्वास संपादून, यंत्र त्यांच्या हातीं लागेल अशी तजवीज करणाऱ्या माणसाच्या श्रमाचें मोल शून्य, हें कायद्यास मानवलें तरी मनास पूर्णपणें मानवत नाहीं.

दुसरें उदाहरण लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीचें. तेथील शेंकडों वर्षांपूर्वींच्या चित्रांवर चित्रकारांचा हक्क केव्हांच संपला होता; पण त्या चित्रांचीं छायाचित्रें आपण मेहनतीनें घेतलीं, म्हणून छायाचित्रांवर आपला हक्क आहे, असें गॅलरीचें म्हणणें. एका स्वयंसेवकानें तीन हजारांहून अधिक छायाचित्रें उतरवून कॉमन्समध्यें ठेवलीं तेव्हां २००९ च्या जुलैमध्यें त्यास वकिलाची नोटीस गेली. संस्थेनें माघार घेतली नाहीं. सपाट चित्राची हुबेहूब नक्कल केल्यानें नवा हक्क उपजत नाहीं, असा न्यूयॉर्कच्या कोर्टाचा १९९९ चा निकाल तिच्या बाजूस होता. २०१२ सालीं गॅलरीनें आपले नियम बरेच सैल केले. आणि २०२३ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडच्या अपील कोर्टानें एका दुसऱ्याच खटल्यांत, कृतींत निर्मात्याची स्वतःची बुद्धि उतरली असेल तरच हक्क, असा दंडक सांगितल्यावर नुसत्या मेहनतीचा आधार तेथेंही लंगडा पडला.

जर्मनींत मात्र संस्थेच्या पक्षास प्रथम हार खावी लागली. मॅनहाइम येथील राइस-एंगेलहॉर्न संग्रहालयानें, रिखार्ड वाग्नर या संगीतकाराच्या १८६२ च्या चित्रासह आपल्या संग्रहांतील चित्रांच्या नकला कॉमन्समध्यें ठेवल्याबद्दल दावे लावले. ता. २० डिसेंबर २०१८ रोजीं तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें संग्रहालयाच्या बाजूनें निकाल दिला. परंतु पुढल्याच वर्षीं युरोपीय संघानें निदेश काढला कीं, हक्क संपलेल्या दृश्य कलाकृतीच्या नुसत्या नकलेवर नवा हक्क सांगतां येऊं नये. आणि २०२१ च्या जूनपासून जर्मनीनेंही तसा कायदा केला. कोर्टांत हरलेली बाजू अशा रीतीनें कायदेमंडळांत जिंकली. याच्या उलट ॲम्स्टरडॅमच्या रिक्स म्युझियमनें आपल्याकडील जुन्या चित्रांच्या उत्तम नकला आपण होऊन सर्वांस खुल्या केल्या. सतराव्या शतकांतील शिवछत्रपतींचें एक चित्र तेथें आहे. तें आज कोणाही मराठी मुलास विनापरवाना, विनामूल्य आपल्या वहींत छापून घेतां येतें. दोन संग्रहालयांच्या दानतींतील हें अंतर महाराष्ट्रानें विसरतां कामा नये.

येथवर या ज्ञानकोशाची बाजू उजळ दिसते. पण जें तत्त्व संग्रहालयापुढें शौर्य ठरतें तेंच गरीब दात्यापुढें कसें होतें, तें पाहा. समजा, एखाद्या दिवंगत मराठी लेखिकेची नात आजीवरील लेखांत आजीचें छायाचित्र घालूं इच्छिते. छायाचित्र घरच्या ट्रंकेंत सांपडलेलें. पाठीवर गांवांतील स्टुडिओचा अर्धवट पुसलेला शिक्का. स्टुडिओ बंद, फोटोग्राफर हयात नाहीं. नात भाबडेपणानें 'माझें स्वतःचें काम' असें लिहून चित्र चढविते. तपासनीस म्हणतो, हें तुमचें काम नव्हे, धनी फोटोग्राफर. त्याचें पत्र आणा. नात तें कोठून आणणार ? सात दिवस जातात, आणि आजीचा चेहरा जातो.

वास्तविक आपल्या कायद्यांत नातीस आधार आहे. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याचें सतरावें कलम सांगतें कीं, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढलें असेल आणि उलट करार नसेल, तर त्या हक्काचा पहिला मालक तें काढविणारा असतो, काढणारा नव्हे. पैसे आजोबांनीं मोजले असतील तर हक्क आजोबांचा, आणि त्यांच्यामागें त्यांच्या वारसांचा. सर्व वारसांनीं मिळून लेखी परवाना दिला तर मार्ग मोकळा होतो. परंतु तपासनीसाच्या डोळ्यांपुढें बहुधा परक्या देशाचा कायदा असतो, आणि नातीला आपल्याच देशाचा ठाऊक नसतो. दोघेही प्रामाणिक, नुकसान तेवढें खरें.

यांत आणखी एक गुंता आहे. कॉमन्समधील चित्र मूळ देशांत खुलें असून भागत नाहीं, तें अमेरिकेंतही खुलें असावें लागतें. आपल्याकडे निनांवी छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें टिकतो. ता. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. त्या समारंभाचें त्याच वर्षीं येथील वृत्तपत्रांत निनांवी छापलेलें छायाचित्र ता. १ जानेवारी २०२१ पासून भारतांत सर्वांचें झालें. परंतु जें परदेशी चित्र १९९६ च्या आरंभीं आपल्या मूळ देशांत बंधनांत होतें, त्याला अमेरिकेच्या कायद्यानें प्रसिद्धीपासून पंचाण्णव वर्षांचें संरक्षण दिलें आहे, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं तें कायम केलें. त्या हिशेबानें आपल्या राज्याच्या जन्माचें तें चित्र अमेरिकेंत २०५५ अखेरपर्यंत बंधनांत राहतें. मुंबईंत खुलें, कॅलिफोर्नियांत बंद, आणि भांडार दोघांसाठीं एकच, असा हा प्रकार आहे. येथें दोष ज्ञानकोशाचा नाहीं, कायद्यांच्या विसंवादाचा आहे. पण त्याची झळ बसते ती ज्याच्यापाशीं वकील नाहीं त्यास.

मग आमची तक्रार कशाबद्दल ? नियमाबद्दल नव्हे. दुसऱ्याची वस्तु दान करण्याचा हक्क कोणासही नाहीं, हें खरेंच आहे. राखणदारांची बाजूही ऐकली पाहिजे. ते बिनपगारी आहेत. आणि कोठल्या तरी वृत्तपत्राचें वा चित्रपटसंस्थेचें चित्र उचलून 'माझें स्वतःचें काम' असें बेधडक लिहिणारे लोक रोज त्यांच्या दारांत येतात. शंभर खोट्या साक्षी ऐकलेल्या न्यायाधीशाचे कान एकशेंएकाव्या खऱ्या साक्षीसही थोडे बधिर होतात. आमची तक्रार रीतीबद्दल आहे. नवख्या माणसास मिळतो तो ठराविक मजकुराचा, संक्षेपांनीं भरलेला, कित्येकदां इंग्रजींतला इषारा. त्यांत काय चुकलें हें असतें. काय केलें म्हणजे बरोबर होईल, हें त्याला कळेल अशा शब्दांत नसतें. मजकुराच्या वादांत जी संस्था पराभूताचे कागदही जपते, तिनें चित्राच्या वादांत दात्यास न समजलेल्या भाषेंत सात दिवसांची मुदत देऊन मोकळें व्हावें, ही विसंगति तिच्या लौकिकास शोभत नाहीं. लबाडाला आणि अज्ञानी माणसाला एकाच काठीनें हांकूं नये. चित्र काढण्यापूर्वीं त्याच्याच भाषेंत दोन प्रश्न विचारावे: हें कोणीं काढलें ? पैसे कोणीं दिले ? आपल्या कायद्यापुरतें अर्धें कोडें या दोन प्रश्नांनींच सुटेल. हें काम मराठी आवृत्तीच्या मंडळींनीं अंगावर घ्यावें, कारण तें दुसरा कोणी करणार नाहीं.

दुसरी एक सूचना चित्रांच्या संस्काराविषयीं आहे. हल्लीं जुन्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रांस यंत्राकरवीं रंग देण्याची आणि पुसट चेहरे ठळक करून घेण्याची हौस वाढली आहे. असें चित्र घरच्या भिंतीवर खुशाल लावावें. ज्ञानकोशांत तें मूळ म्हणून चढवूं नये. लुगड्याचा रंग यंत्रानें कल्पिलेला असतो, आणि ठळक झालेल्या चेहऱ्यांतील कांहीं रेषा त्या माणसाच्या नसतातच. मजकुरांत ज्याला आपण प्रक्षिप्त म्हणतों तेंच हें चित्रांतलें प्रक्षिप्त होय. पुसट पण खरा चेहरा हा ठळक पण उसन्या चेहऱ्याहून केव्हांही मोलाचा.

शेवटीं दोष आपल्याही पदरीं घेतला पाहिजे. आपल्या घरांत श्राद्धाची तिथि पाठ असते, पण भिंतीवरील तसबीर कोणीं, केव्हां, कोठें काढली, हें घरांतल्या कोणासच सांगतां येत नाहीं. ज्यांना सांगतां येतें तीं वृद्ध माणसें एकेक करून जात आहेत, आणि प्रत्येकाबरोबर पांचपन्नास चेहऱ्यांचीं नांवें जात आहेत. यावर उपाय अगदीं साधा आहे. येत्या सुटींत घरांतील आल्बम घेऊन आजीआजोबांजवळ बसावें; प्रत्येक चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें माणसांचीं नांवें, वर्ष, गांव, काढणाऱ्याचें नांव आणि पैसे कोणीं दिले हें लिहून ठेवावें; स्टुडिओची पावती सांपडल्यास जपावी; आणि जीं चित्रें समाजास द्यावींशीं वाटतात त्यांच्याबद्दल सर्व वारसांनीं आजच चार ओळींचा परवाना लिहून सही करावी. वाद झालाच तर तो कागद उपयोगी पडेल. न झाला तरीही आपल्या नातवंडांस, हे कोण, या प्रश्नाचें उत्तर मिळेल. आणि ज्ञानकोशाचें म्हणून जें काम, त्याची सुरुवात आपल्या घरांतच झाली असें होईल.